मोडलेल्या हाडावरून शिक्षा मोजू नका : तालुक्यातल्या फुटबॉल मंडळांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातल्या फुटबॉल स्पर्धांची सर्व आयोजक मंडळं, पंच आणि संघांचे कप्तान यांना

सप्रेम नमस्कार.

मागच्या जानेवारीत वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावात सेव्हन-साइड स्पर्धा झाली. मी तिथं पंच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पोराच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं. ज्याच्या टॅकलनं, म्हणजे बॉल काढून घ्यायला घातलेल्या पायानं, मोडलं त्याला मी लाल कार्ड दाखवून मॅचबाहेर काढलं. त्याच रात्री मंडळानं शाळेच्या व्हरांड्यात बसून त्याला तीन वर्षं तालुक्यातल्या कुठल्याही स्पर्धेत खेळायला बंदी केली आणि वर पंचवीस हजारांचा दंड ठोकला. तालुक्यातल्या बाकीच्या मंडळांनीही ती बंदी मान्य केली.

हे पत्र त्या निकालाविरुद्ध आहे. तो निकाल माझ्या लाल कार्डावर उभा आहे, म्हणून आधी माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

त्याच दिवशी सकाळी दहाच्या मॅचमध्ये यजमान गावाच्या फॉरवर्डनं टच लाइनजवळ दोन्ही पाय जोडून, बुटाच्या तळव्यावरचे खुंट, म्हणजे स्टड, समोर करून उडी घेतली. समोरचा पोट्टा कॅनव्हासच्या बुटांवर खेळत होता. त्याला वेळेवर दिसलं आणि त्यानं पाय वर उचलले. स्टड त्याच्या खालून गेले. फक्कीची रेघ हातभर खरवडून निघाली आणि तिच्याखालचा मुरूम उघडा पडला. तिथं त्या पोराचा घोटा असता तर काय झालं असतं, हे मी रेघेकडे बघून ओळखलं होतं. पण तो उठला, कपडे झटकले आणि खेळायला लागला. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलं. मी फॉरवर्डला म्हटलं, "जपून रे." कार्ड नाही, नोंद नाही. जेवणाच्या सुट्टीत ग्राउंडवरच्या पोरांनी त्या जागी नवी फक्की टाकली.

दुपारचा प्रसंग मधल्या रेघेजवळचा. बॉल सुटलेला होता आणि दोघं दोन बाजूंनी धावत आले. एक पोट्टा अर्धं पाऊल उशिरा पोचला. त्याचा एकच पाय पुढे होता, जमिनीलगत, बुटाची आतली कड समोर. तळवा दिसत नव्हता. बॉल निघून गेला आणि त्याचा पाय समोरच्याच्या नडगीवर बाहेरून बसला. असे टॅकल मी एका स्पर्धेत वीस वेळा बघतो. पण ज्याला लागलं त्याचा तो पाय एका चाकोरीत रुतलेला होता. ग्राउंडच्या त्या कोपऱ्यात काळी माती आहे, पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टर गेला होता आणि त्याची चाकोरी वाळून दगड झाली होती. अंगाचा भार पुढे गेला, पाय मागेच राहिला. वाळलेली तुऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला.

माझा हात खिशात होता आणि बोटांत ताकिदीचं पिवळं कार्ड आलेलं होतं. मग मी त्याचा पाय बघितला. जिथं सांधा नसतो तिथं तो वाकला होता. पोट्टे डोक्याला हात लावून खाली बसले, आणि दोरीबाहेरून आवाज आला, "पोट्ट्याचा पाय मोडला अन् पिवळं दाखवता काय?" मी पिवळं परत खिशात टाकलं आणि लाल काढलं.

त्या दोन कार्डांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत टॅकल बदलला नव्हता. तो होऊन गेला होता. बदललं ते फक्त मला काय दिसलं ते.

मोठ्या ग्राउंडवरही हेच झालेलं आहे. ३ नोव्हेंबर २०१९ ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि टॉटनहॅमची मॅच होती. टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिननं मागून एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला पाडलं. पडताना गोमेसचा पाय अडकला, तो दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा उलटा फिरला. पंच मार्टिन अॅटकिन्सन यांनी आधी पिवळं कार्ड काढलं होतं. जखम बघितल्यावर त्यांनी लाल दाखवलं. सॉन रडत बाहेर गेला. पुढे टॉटनहॅमनं दाद मागितली आणि इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ते लाल कार्ड रद्द केलं. गोमेसचा घोटा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, ते कोणी नाकारलं नाही. पण घोट्याचं जे झालं त्यावरून टॅकलचा गुन्हा मोठा होत नाही, हे त्यांनी मानलं. अॅटकिन्सन यांच्यासारखा मुरलेला पंच जिथं घसरला तिथं मी घसरलो, याची मला लाज नाही. ती चूक आपण तीन वर्षांसाठी एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधली, याची आहे.

नियम काय म्हणतो ते मंडळाच्या बैठकीत कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, तेव्हा आता सांगतो. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम टॅकलच्या तीन पायऱ्या करतो. पहिली निष्काळजीपणा: फ्री किक द्या, कार्ड नाही. दुसरी बेदरकारपणा, म्हणजे समोरच्याला धोका आहे हे न बघता जाणं: पिवळं. तिसरी, अवाजवी जोर लावणं किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणणं: लाल. या तिन्हींत "मुद्दाम" हा शब्द नाही. पूर्वी होता. नव्वदच्या दशकात तो काढला, कारण पंचाला मन दिसत नाही, पाय दिसतो. आणि शब्द "धोका" आहे, "इजा" नाही. लाथ मारण्याचा किंवा पाय घालून पाडण्याचा नुसता प्रयत्न झाला तरी तो फाऊल धरतात, लागलंच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे सकाळी रेघ खरवडणारा तो टॅकल सरळ लाल कार्डाचा होता. दुपारचा पिवळ्याचा. मी नेमकं उलटं केलं.

२०१० च्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये हॉलंडच्या नायजेल डी याँगनं स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीत स्टड रोवले, हे तुमच्यापैकी कित्येकांनी रात्री जागून टीव्हीवर बघितलं आहे. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळं दिलं. मधे खेळाडू आल्यानं नीट दिसलं नाही, ते लालच होतं, असं त्यांनी नंतर मोकळेपणानं मान्य केलं. अलोन्सो उठून पुढे खेळला, पण म्हणून ते लाल कार्ड पिवळं झालं असं वेब म्हणाले नाहीत. माझ्या आणि त्या फॉरवर्डच्या मधे मात्र सकाळी कोणीच आलं नव्हतं.

आता "मुद्दाम" बद्दल. बैठकीत अर्धा वेळ यावरच गेला. एक बाजू म्हणे, पोट्टा सरळ आहे, तो मुद्दाम करणारच नाही. दुसरी बाजू म्हणे, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी बावीस वर्षं या तालुक्यात शिट्टी वाजवतो. "मुद्दाम" हा शब्द आपल्याकडे कसा वापरला जातो ते मी बघत आलो आहे. आपल्या गावचा पोट्टा असला की तो जोशात गेला, परगावचा असला की त्यानं खुन्नस काढली. ज्याच्या बापाला पाच लोक नमस्कार करतात त्याचं मन सगळ्यांना स्वच्छ दिसतं. जो सालदाराचा पोरगा आहे, ज्याच्या बाजूनं बोलायला व्हरांड्यात कोणी नाही, त्याचं मन काळं ठरवायला पाच मिनिटं पुरतात. मन वाचून शिक्षा द्यायची ठरवली की आपण मन वाचत नाही, घर वाचतो. त्या रात्री हेच झालं, आणि मी गप्प बसलो होतो.

हेतूला जागाच नाही असं मी म्हणत नाही. बॉल वीस पावलं दूर आहे आणि कोणी जाऊन लाथ घातली, तर तो टॅकलच नव्हे. ती मारहाण आहे, आणि नियमही तिला वेगळं धरतो. कोणी चार लोकांसमोर "याचा पाय तोडतो" म्हणून सांगून आला असेल तर त्याची शिक्षा वाढलीच पाहिजे. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीननं एप्रिल २००१ मध्ये समोरच्या संघाच्या अल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर लाथ घातली तेव्हा त्याला लाल कार्ड आणि तीन सामन्यांची बंदी झाली होती. पुढच्या वर्षी त्यानं आत्मचरित्रात तो जुन्या रागाचा हिशेब असल्याचं लिहिलं, तेव्हा आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड झाला. हेतूवरून शिक्षा वाढवायची तर पुरावा इतका उघडा हवा. "डोळ्यांत दिसत होतं" हा पुरावा नाही.

हेच माप दुसऱ्या बाजूलाही लागतं, आणि इथं माझ्या बाजूनं बोलणाऱ्या काहींना माझं पटणार नाही. ज्याचा पाय मोडला तो पोट्टा ग्रामीण रुग्णालयात स्ट्रेचरवर पडून मला म्हणाला, "सर, त्यानं मुद्दाम नाही केलं जी. सोडून द्या त्याला." माझे डोळे भरून आले. पण कार्ड त्याच्या माफीवरही ठरू नये. तो टॅकल खरंच लाल कार्डाचा असता तर माफ केल्यानंतरही लालच राहिला असता. सप्टेंबर २०२१ मध्ये लीड्सच्या पास्कल स्ट्राइकच्या टॅकलनं लिव्हरपूलच्या हार्वे इलियटचा घोटा निखळला. अठरा वर्षांच्या इलियटनं स्वतः जाहीर सांगितलं की यात स्ट्राइकची चूक नाही. तरी दाद फेटाळली गेली आणि तीन सामन्यांची बंदी कायम राहिली. तो टॅकल लालचा होता की नाही यावर पंच आजही वाद घालतील. पण आकडा बघा: तीन सामने. फेब्रुवारी २००८ मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला, फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच क्लबच्या अॅरन रॅमसेचा. दोन्ही वेळा समोरच्याला लाल कार्ड आणि तीन सामने. करोडोंचे खेळाडू, सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलेली मोडलेली हाडं, आणि शिक्षा तीन सामने. आपण तीन वर्षं दिली.

मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, "सर, धाक नको काय? उद्या पोट्टे एकमेकांचे पाय तोडतील." त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांनी या खेळासाठी पदरचे पैसे घातले आहेत. पण त्यांना एक आठवण करून देतो. तिसऱ्या दिवशीच्या फायनलमध्ये सकाळच्याच त्या फॉरवर्डनं पुन्हा दोन्ही पाय जोडून उडी घेतली, पहिल्या हाफमध्ये, गोलपोस्टच्या डाव्या बाजूला. आदल्या रात्री झालेली तीन वर्षांची शिक्षा त्याला माहीत होती. त्याला धाक का बसला नाही? कारण त्याच्या हिशेबानं ती शिक्षा टॅकलची नव्हतीच, हाड मोडल्याची होती. त्याच्याकडून अजून हाड मोडलं नव्हतं. नशिबाला शिक्षा दिली की पोट्टे फक्त नशिबावर भरवसा ठेवायला शिकतात. त्या वेळी मी त्याला लाल दाखवलं. गावाच्या फायनलमध्ये, गावाच्या हिरोला. त्यानंतर मला शाळेच्या स्टाफ रूममध्ये अर्धा तास बसवून ठेवावं लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि ते हाड कशानं मोडलं? टॅकलनं, हो. चाकोरीनंही. ती बुजवायला दोन घमेली मुरूम लागला असता, आणि ग्राउंड तपासणं पंचाचंही काम आहे, म्हणून ही चूक माझीही. नडगी झाकणारं शिनगार्ड नव्हतं, त्यानंही. चौथा नियम शिनगार्ड सक्तीचं करतो. आपल्या स्पर्धेत सात पोट्ट्यांच्या टीममध्ये दोघांकडे असतं. आम्ही खेळायचो तेव्हा वहीचा पुठ्ठा मोज्यात घालायचो, आता तोही कोणी घालत नाही. अनवाणी आणि कॅनव्हासवाल्या पोट्ट्यांसमोर आपण स्टडवाले उतरवतो आणि एंट्री फीची पावती सोडून काही तपासत नाही. या सगळ्याचा बोजा एका अर्धं पाऊल उशिरा पोचलेल्या पोरावर टाकायचा, हा न्याय मला पटत नाही.

कोणीतरी त्या रात्री पोलिसात तक्रार द्यायची भाषाही केली होती. त्यांच्यासाठी एवढंच: आपल्या जुन्या दंडसंहितेच्या ८७ व्या कलमात तलवारबाजीचं उदाहरण दिलेलं होतं. दोघं करमणुकीसाठी खेळायला ठरवून उतरले, खेळात दगा न करता एकाला दुखापत झाली, तर तो गुन्हा नाही, कारण खेळायला उतरणं म्हणजेच त्या दुखापतीला संमती. १८६० चा कायदा होता. नव्या न्याय संहितेत ही तरतूद २५ व्या कलमात आहे.

आता ज्याचा पाय मोडला त्याच्याबद्दल. इतका वेळ मी दुसऱ्याचीच बाजू मांडली असं कोणाला वाटेल. त्या पोट्ट्याच्या पायाला आम्ही बांबूच्या कामट्या आणि गमछा बांधला, १०८ येईपर्यंत त्याचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला डांबरी रोडवर १६०० मीटरचे राउंड मारायचा. त्या १६०० मीटरला वीस गुण आहेत. पायात रॉड पडला, ती भरती गेली. त्याच्या घरी वेचणीचा कापूस वावरात उभा होता आणि घरातला एक माणूस दवाखान्यात बसून होता. हे नुकसान मोठं आहे, आणि ते कोणीतरी भरून दिलंच पाहिजे.

पण भरपाई वेगळी आणि शिक्षा वेगळी, हे आपण त्या रात्री एकत्र कालवलं. भरपाई ठरवताना परिणाम बघा, पै न पै बघा: हाड किती मोडलं, किती दिवस बसून राहणार, किती मजुरी बुडाली. शिक्षा ठरवताना पायानं काय केलं ते बघा. आणि भरपाई खेळ भरवणाऱ्या सगळ्यांनी मिळून द्यायची असते. पंचवीस हजारांचा दंड म्हणजे टॅकल करणाऱ्याच्या घरचा तीन-साडेतीन क्विंटल कापूस. त्याच्या बापानं पहिले आठ हजार आणून दिले ते मी बघितलं. रुमालात बांधून आणले होते, मोजताना दोनदा चुकले. त्याच स्पर्धेत आपण एकतीस हजारांचं पहिलं बक्षीस दिलं आणि फायनलच्या रात्री डीजे लावला. चोवीस टीम होत्या. प्रत्येकीच्या एंट्री फीतून दोनशे बाजूला काढले असते तर चार हजार आठशे झाले असते, बक्षिसातून दहा हजार कमी केले असते तर जवळपास पंधरा. डीजेचं मी बोलत नाही.

माझी मागणी साधी आहे. त्या पोट्ट्यावरची बंदी उठवा. एक मॅच तो बाहेर बसलाच आहे, पिवळ्याची शिक्षा याहून जास्त नसते. त्याच्या बापाचे आठ हजार परत करा आणि तेवढीच रक्कम मंडळाच्या शिलकीतून जखमी पोराच्या घरी द्या. तिथून एक रुपयाही परत मागू नका. पुढच्या स्पर्धेपासून बंदी सामन्यांत मोजा, वर्षांत नाही. पायात शिनगार्ड नसेल त्याला मी ग्राउंडवर घेणार नाही, मग तो कोणत्याही गावचा असो. बाजारात दोनशे-अडीचशेला जोडी मिळते. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दहा जोड्या माझ्या पगारातून मी आणतो. आणि ज्या पंचाला जखम बघून कार्ड बदलावंसं वाटेल त्यानं आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा पोट्टा आता उठून पळाला असता तर मी काय दाखवलं असतं?

मंडळाची पुढची बैठक २६ जानेवारीच्या स्पर्धेआधी होईल. मी त्या दिवसाची सामना-पत्रिका घेऊन येतो. सकाळी दहाच्या मॅचमध्ये कार्डांचा रकाना कोरा आहे. तिथं लाल पेनानं नाव लिहून मी खाली सही करणार आहे. दुपारच्या मॅचमधलं लाल खोडून पिवळं लिहायचं आहे, तेवढ्यासाठी अध्यक्षांची सही लागेल.

आपला,
बावीस वर्षं तुमच्या ग्राउंडवर शिट्टी वाजवणारा एक शिक्षक